मार्क ट्वेनची कर्जफेड

नोकरदाराचे कर्ज आणि स्वतंत्र धंदेवाइकाचे कर्ज यांत मोठा भेद असा की, नोकरदाराच्या डोक्यावरचा बोजा कितीही वाढला तरी महिन्याच्या एक तारखेस त्याच्या हाती पडणारी रक्कम ठरलेली असल्यामुळे फेडीचा हिशेब निदान कागदावर तरी मांडता येतो. उलट वैद्य, वकील, चित्रकार, सुतार, शेतकरी किंवा लेखक अशा, केवळ स्वतःच्या हिकमतीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत हप्ता तेवढा ठरलेला असतो, आणि ज्या प्राप्तीतून तो द्यावयाचा ती प्राप्ती मात्र हंगामावर, गिऱ्हाइकांच्या गरजेवर व मुख्यतः त्या माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून असते. अशा घरात मृत्यू, दीर्घ आजार किंवा स्थलांतर यांपैकी एखादा प्रसंग ओढवला म्हणजे त्या माणसाची दुहेरी कोंडी होते. कारण जो शोक करणारा अथवा शुश्रूषा करणारा, तोच कमावणारा असतो, आणि त्याने हातातले काम खाली ठेवले की त्याच दिवसापासून प्राप्ती थांबते, व्याज मात्र थांबत नाही. या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. त्यापेक्षा एका माणसाने अशाच अवस्थेत सापडून आपले देणे प्रत्यक्ष कसे फेडले, त्याला कोणत्या व्यवस्थेने तारले आणि त्या व्यवस्थेत कोणते दोष होते, याचा तपशील पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते. हा माणूस परदेशचा असला तरी कर्जफेडीच्या याच यात्रेत तो मुंबईस व पुण्यास येऊन गेला होता.

१८ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्क येथील ‘चार्ल्स एल. वेब्स्टर आणि कंपनी’ या प्रकाशनसंस्थेचे दिवाळे निघाले, आणि तिचा मुख्य भागीदार सॅम्युअल क्लेमेन्स, ज्याला सारे जग मार्क ट्वेन या नावाने ओळखत होते, वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटून गेल्यावर कर्जबाजारी म्हणून जगासमोर उभा राहिला. बाहेरच्या धनकोंची संख्या शंभराच्या घरात होती आणि त्यांचे देणे सुमारे ऐंशी हजार डॉलर होते; त्याखेरीज त्याची पत्नी ऑलिव्हिया हिने आपल्या माहेरच्या संपत्तीतून वेळोवेळी संस्थेला दिलेले सुमारे साठ हजार डॉलर अडकले होते ते वेगळेच.

ही संस्था मुळात वाईट चाललेली नव्हती. १८८४ साली ट्वेनने ती आपल्या भाचीच्या नवऱ्याच्या नावाने काढली, ती इतर प्रकाशकांच्या हिशेबांवर त्याचा विश्वास उरला नव्हता म्हणून. आणि आरंभीच तिने ‘हकलबरी फिन’ ही त्याची कादंबरी व पाठोपाठ माजी राष्ट्राध्यक्ष यूलिसिस ग्रँट यांच्या आठवणींचे दोन खंड प्रसिद्ध केले. ग्रँट यांनी हे आत्मवृत्त कर्करोगाने घसा ग्रासलेला असताना, स्वतःचे दिवाळे निघाल्यानंतर, कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद व्हावी एवढ्याच हेतूने लिहिले होते. आणि त्यांच्या विधवा पत्नीस फेब्रुवारी १८८६ मध्ये ट्वेनच्या संस्थेने स्वामित्वधनाचा जो पहिला धनादेश दिला, तो दोन लक्ष डॉलरांचा होता. या एका यशाने मालकाच्या अपेक्षा अशा वाढल्या की पुढचे प्रत्येक पुस्तक तितकेच खपेल असे धरून चालण्याची सवय लागली. पोप तेरावे लिओ यांचे चरित्र मोठ्या आशेने काढले, ते चालले नाही. एका कारकुनाने अफरातफर केली. तरीही संस्था एवढ्याने बुडाली नसती.

ती बुडाली ती चांगल्या खपणाऱ्या पुस्तकाने, आणि ही गोष्ट स्वतंत्र धंदा करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी अशी आहे. एडमंड स्टेडमन याने संपादित केलेला अमेरिकन वाङ्मयाचा अकरा खंडांचा संग्रह संस्थेने हाती घेतला आणि तो हप्तेबंदीने विकण्यास आरंभ केला. एक संच विकला गेला की विक्रेत्याचे कमिशन तत्काळ द्यावे लागे, कागद, छपाई व बांधणी यांचा खर्च त्यापूर्वीच झालेला असे, आणि गिऱ्हाईक मात्र किंमत महिन्याच्या लहान लहान रकमांनी चुकती करी. याचा परिणाम असा की विक्री जसजशी वाढे तसतशी संस्थेची रोकड अधिकाधिक अडकून पडे व ती भरून काढण्यासाठी बँकेकडून वचनचिठ्ठ्यांवर नवे कर्ज उचलावे लागे. वहीत नफा दिसत असे आणि तिजोरी रिकामी असे. १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, बँकांनी वचनचिठ्ठ्यांची मुदत वाढवून देण्याचे नाकारले, आणि ज्या येण्याच्या भरवशावर देणे केले होते ते येणे वेळेत वसूल होईना. आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांची, शिलाई-कारखान्यांची व लहान ठेकेदारांची कहाणी हीच आहे. कामाची ददात नसते, उधारीची वसुली नसते. भारतात २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने वस्तू बनविणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उपक्रमाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज दिले पाहिजे, असे बंधन घातले आहे. परंतु रीतसर नोंदणी न केल्यामुळे वा गिऱ्हाईक तुटेल या भीतीमुळे हा हक्क बजावणारे थोडे, आणि न बजावता स्वतः कर्ज काढणारे फार.

दुसरे कारण जेम्स पेज याच्या खिळेजुळणी यंत्राचे. सुमारे अठरा हजार सुट्या भागांचे हे यंत्र जुळाऱ्याच्या हाताच्या सर्व क्रिया करील, टाइप जुळवील, ओळ समान करील व छापून झाल्यावर टाइप पुन्हा खणाखणांत परत टाकील, अशी त्याची प्रतिज्ञा होती. आणि बालपणी छापखान्यात जुळारी म्हणून काम केलेल्या ट्वेनला त्याची भुरळ पडली, यात नवल नाही. १८८० नंतरच्या दशकभरात त्याने त्यात निदान पावणेदोन लक्ष डॉलर ओतले. यंत्र चालू झाले की सुंदर चाले आणि वारंवार बिघडे. त्याच सुमारास ओटमार मर्गेनथालर याच्या लायनोटाइप यंत्राने टाइप जुळविण्याचा खटाटोपच सोडून देऊन वितळलेल्या धातूची सबंध ओळ एकदम ओतण्याची सोपी युक्ती शोधली होती, व १८८६ सालीच ते न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात रुजूही झाले होते. पेजचे यंत्र १८९४ च्या उत्तरार्धात शिकागोच्या एका वृत्तपत्रात कसोटीस लागले आणि नापास झाले.

या व्यापारी आपत्ती चालू असताना घरातली परिस्थितीही पालटत होती. १८९० च्या शरद ऋतूत थोड्याच आठवड्यांच्या अंतराने ट्वेनची आई आणि ऑलिव्हियाची आई अशा दोघी निवर्तल्या. १८९१ च्या जून महिन्यात हार्टफर्डचे सतरा वर्षांचे राहते घर बंद करून, नोकरचाकर काढून टाकून, तीन मुलींसह हे कुटुंब युरोपात गेले, कारण तेथे राहणे स्वस्त पडे. ज्या घरात त्याची उत्तमोत्तम पुस्तके लिहिली जात असताना मुली वाढल्या, त्या घरात ते सर्वजण एकत्र पुन्हा कधीच राहिले नाहीत. खर्च आटोक्यात आणण्यासाठी घर सोडणे हा निर्णय व्यवहारतः योग्य होता, असेच मी म्हणेन; पण अशा निर्णयाची किंमत केवळ भाड्याच्या आकड्यांत मोजता येत नाही, व कर्जदार कुटुंबाला सल्ला देणारे ती बहुधा मोजत नाहीत.

सप्टेंबर १८९३ मध्ये, ट्वेन एकटाच न्यूयॉर्कला येऊन पैशासाठी दारोदार फिरत असता, एका डॉक्टर मित्राने त्याची हेन्री हटलस्टन रॉजर्स या गृहस्थाशी गाठ घालून दिली. रॉजर्स हा स्टँडर्ड ऑइल कंपनीचा एक प्रमुख सूत्रधार होता आणि व्यापारात अत्यंत कठोर म्हणून त्याची ख्याती होती. पण या लेखकाच्या कारभाराचा भार त्याने एक पैसा मोबदला न घेता आपल्या शिरावर घेतला. मार्च १८९४ मध्ये ट्वेनने त्याला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले. त्या दस्तऐवजाच्या आधारे रॉजर्सने जी व्यवस्था केली तीच या साऱ्या कर्जफेडीचा पाया आहे, आणि लोकांच्या स्मरणात राहिलेली जगप्रदक्षिणा ही त्यानंतरची गोष्ट आहे.

ती व्यवस्था समजण्यासाठी त्या काळचा अमेरिकेतील कायदा ध्यानात घेतला पाहिजे. १८६७ चा राष्ट्रीय दिवाळखोरीचा कायदा १८७८ साली रद्द झाला होता आणि नवा कायदा जुलै १८९८ पर्यंत आला नाही. म्हणजे मधल्या वीस वर्षांत कर्जबाजारी माणसाला न्यायालयाकडून उरलेल्या देण्यातून मुक्तता मिळविण्याचा सार्वदेशिक मार्गच नव्हता. त्याने आपल्या धंद्याची मालमत्ता एका विश्वस्ताच्या हवाली करावयाची, विश्वस्ताने ती विकून धनकोंस वाटून द्यावयाची, एवढीच सोय राज्यांच्या कायद्यांत होती. बाकी राहिलेल्या रकमेवर धनको राजीखुशीने पाणी सोडतील तर सुटका, नाहीतर दावे. शिवाय ही संस्था भागीदारीची असल्यामुळे तिच्या देण्याला भागीदार व्यक्तिशः बांधलेला होता. ट्वेनवर कायद्याने काहीच बंधन नव्हते व त्याने केवळ सद्भावनेने सारे देणे फेडले, असे जे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते या कारणाने मला ग्राह्य वाटत नाही. बंधन होते, परंतु जप्त करण्यासारखे काही हाती लागत नसल्यामुळे डॉलरमागे पन्नास सेंट घेऊन खाते बेबाक करण्यास पुष्कळ धनको तयार होते. तो प्रस्ताव त्याने व विशेषतः ऑलिव्हियाने नाकारला आणि पूर्ण शंभर सेंट देण्याचे ठरविले. त्याच्या सद्भावनेचे खरे स्थान येथे आहे.

आता रॉजर्सने काय केले ते पाहू. ऑलिव्हियाचे साठ हजार डॉलर हे खरोखर दिलेले कर्ज असल्यामुळे तिला त्याने पहिल्या क्रमाची धनको ठरविले, आणि त्या देण्यापोटी ट्वेनच्या सर्व पुस्तकांचे स्वामित्वहक्क तिच्या नावे करून टाकले. इतर धनकोंनी यास तीव्र विरोध केला. त्यांना ते हक्क आणि हार्टफर्डचे घर हवे होते. परंतु त्या मंदीत ते हक्क लिलावात निघते तर मातीमोल गेले असते, धनकोंच्या पदरात थोडे पडले असते, आणि ज्याच्या लेखणीवर पुढची सारी फेड अवलंबून होती त्याच्या पूर्वीच्या लेखनाचे उत्पन्न कायमचे तुटले असते. कर्ज कष्टाने फिटते हे खरेच. पण कष्ट करणाऱ्याचे साधन आधी शाबूत ठेवले तरच फिटते, ही गोष्ट रॉजर्सला धनकोंपेक्षा आणि खुद्द ऋणकोपेक्षाही स्पष्ट दिसत होती. ज्यांना हाच बेत आपल्याकडे करावासा वाटेल त्यांना मात्र सावध केले पाहिजे: धनकोंना बुडविण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमान्वये रद्द ठरविता येते, आणि नादारीच्या कायद्यांतही एका धनकोस इतरांवर दिलेली ऐनवेळची पसंती न्यायालय मोडून काढू शकते.

साधन वाचविण्याचे हे तत्त्व आपल्या प्रांतास अपरिचित नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे बाहेर काढून जाळले, दंगे नगर जिल्ह्यातही पसरले, आणि चौकशीअंती १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशास रोख्यात लिहिलेल्या आकड्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, हप्तेबंदीची मुभा दिली, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्याची बंदी केली, आणि स्पष्टपणे गहाण न लिहून दिलेल्या जमिनीवर जप्ती येणार नाही अशी तजवीज केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून पुढे कित्येक वर्षे काम पाहिले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ६० वे कलम आजही कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची अवजारे, पोट भरण्यास लागणारी गुरे व बी-बियाणे जप्तीतून वगळते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, देण्याची खरोखर ऐपत नसणे एवढ्याच कारणासाठी ऋणकोस तुरुंगात घालता येणार नाही. ऐपत असून दडविणे ही गोष्ट वेगळी. वसुलीदाराच्या धाकदपटशाने भेदरून शिलाईयंत्र किंवा रिक्षा मिळेल त्या भावाने विकून एक हप्ता भरणाऱ्यांना हे माहीत असते तर पुढचे हप्ते भरण्याचे साधन त्यांच्यापाशी उरले असते. वाहनच तारण असेल तर गोष्ट निराळी. तेथेही आधी मुदतवाढ मागणे शहाणपणाचे.

साधन वाचले, पण रोकड हवी होती. पुस्तक लिहिण्यास वर्ष जाते आणि त्याचे पैसे त्यानंतर येतात. व्याख्यानाचे पैसे मात्र त्याच रात्री प्रवेशद्वाराशी जमतात. म्हणून व्याख्यानांचा मनस्वी कंटाळा असताही ट्वेनने जगभर फिरून बोलण्याचे ठरविले. १५ जुलै १८९५ रोजी क्लीव्हलंड येथे आरंभ झाला. त्यापूर्वी पायावर झालेल्या मोठ्या गळवामुळे तो कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला होता, आणि त्याच सुमारास एका धनकोच्या दाव्यात न्यायालयापुढे त्याची उलटतपासणीही झाली. पत्नी व मधली मुलगी क्लारा बरोबर निघाल्या. थोरली सूझी आणि धाकटी जीन या मावशीकडे एल्मिरा येथे राहिल्या. ऑगस्टमध्ये, अमेरिकेचा किनारा सोडतेवेळी, त्याने वृत्तपत्रांत जाहीर निवेदन दिले की आपण जगलो तर चार वर्षांत शेवटचे देणे फेडू. या निवेदनाचा उपयोग दुहेरी झाला, कारण धनको थांबण्यास राजी झाले आणि श्रोते अधिक आपुलकीने येऊ लागले.

होनोलुलूस पटकीची साथ असल्यामुळे उतरता आले नाही व तेथल्या व्याख्यानाचे उत्पन्न बुडाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन असे करीत ही मंडळी जानेवारी १८९६ मध्ये मुंबईस पोहोचली व काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरली. खोकल्याने ट्वेन येथे आजारी पडला, आणि आजारपणाचा प्रत्येक दिवस म्हणजे खर्च चालू व प्राप्ती बंद असा दिवस होता. बरा झाल्यावर नॉव्हेल्टी नाट्यगृहात त्याची व्याख्याने झाली, पुढे पुणे व बडोदे येथेही झाली. मुंबईच्या मुक्कामात तो भायखळ्यास प्रेमचंद रायचंद यांच्या बंगल्यावर पालिताण्याच्या राजांच्या सत्काराला गेला होता. याच प्रेमचंदांनी १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत अपार संपत्ती मिळविली होती, १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध थांबून कापसाचे भाव कोसळताच ते स्वतः बुडाले होते, आणि पुन्हा सावरलेही होते. आईच्या नावे त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा वॉटसन हॉटेलपासून चार पावलांवर आहे. हा इतिहास पाहुण्यास कोणी सांगितला असल्यास त्याला तो परका वाटला नसेल.

कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, आग्रा, जयपूर, लाहोर असा प्रवास करून, जयपुरास पुन्हा आजारपणात अडकून, मॉरिशस व दक्षिण आफ्रिका आटोपून हे तिघे ३१ जुलै १८९६ रोजी इंग्लंडला पोहोचले. दोन्ही मुली तेथे येऊन मिळावयाच्या होत्या. त्याऐवजी सूझी आजारी असल्याचे वृत्त आले. ऑलिव्हिया आणि क्लारा तातडीने जहाजाने निघाल्या, आणि त्या समुद्रावर असतानाच १८ ऑगस्ट रोजी हार्टफर्डच्या त्याच जुन्या घरात, मेंदूच्या आवरणाच्या दाहाने, सूझी चोविसाव्या वर्षी वारली. बापाला ही तार गिल्डफर्ड येथे एकट्याला मिळाली. त्याच वर्षी धाकट्या जीनला अपस्माराचा विकार असल्याचे निश्चित झाले.

लंडनच्या चेल्सी भागात एक घर भाड्याने घेऊन हे कुटुंब जगापासून दूर राहिले, आणि त्या हिवाळ्यात ट्वेनने प्रवासाचे पुस्तक लिहून काढले. ते ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या नावाने नोव्हेंबर १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. शोकातही तो लिहू शकला याचे श्रेय केवळ त्याच्या मनोबळास देणे मला पुरेसे वाटत नाही. धनकोंचा पत्रव्यवहार, तडजोडी, व्याजाचे हिशेब, प्रकाशकांशी करार, जमलेल्या रकमेची गुंतवणूक हे सर्व दूर न्यूयॉर्कला रॉजर्सच्या कचेरीत चालले होते. शोकाच्या घरी तगाद्याचा कागद येऊन पडत नव्हता. कमावणारा हात आणि रक्कम सांभाळणारा हात निराळे ठेवल्याचा लाभ एरवी हिशेबापुरता दिसतो; संकटात मात्र तोच कमावणाऱ्याचे काम चालू ठेवतो. १८९७ साली न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड’ पत्राने त्याच्यासाठी वर्गणी उघडली तेव्हा त्याने प्रथम रुकार दिला होता, पण ऑलिव्हियाच्या आग्रहाने ती बंद करविली. मदत घेण्यात कमीपणा असतो असे मी मानीत नाही, आणि रॉजर्सची मदत तर त्याने पूर्ण मनाने घेतली होती. परंतु आपल्या कमाईने देणे फिटणार हे आकड्यांनी दिसू लागलेले असताना लोकांकडून पैसे घेणे तिला पटले नाही, आणि तिचे म्हणणे योग्य होते.

त्या काळची वृत्तपत्रे ट्वेनची तुलना सर वॉल्टर स्कॉट याच्याशी करीत. स्कॉट १८२६ च्या आरंभी प्रकाशक व मुद्रक यांच्या दिवाळ्यात भागीदार म्हणून ओढला गेला. देणे सुमारे एक लक्ष वीस हजार पौंडांचे होते. चारच महिन्यांत पत्नी वारली. आणि त्याने विश्वस्तांच्या नावे खत करून देऊन, कादंबऱ्या व नेपोलियनचे प्रचंड चरित्र लिहून, फेड सुरू केली. पण विश्रांतीचा हिशेब कोणीच ठेवला नाही. पक्षाघाताचे झटके येऊनही तो लिहीत राहिला व १८३२ साली, बरेच देणे शिल्लक असता, मरण पावला. उरलेली बाकी त्याच्या आयुर्विम्याच्या रकमेतून आणि ग्रंथांच्या स्वामित्वहक्कांतून फिटली. येथेही शेवटी उपयोगी पडले ते आधी करून ठेवलेले विमापत्र आणि शाबूत राहिलेले हक्क. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने कर्ज काढताना कर्जाच्या रकमेइतका मुदतीचा विमा उतरावा ही गोष्ट त्यामुळे मी अत्यावश्यक मानतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील सहाव्या कलमाखाली पत्नी व मुले यांच्यासाठी म्हणून पतीने घेतलेले विमापत्र न्यासाप्रमाणे त्यांचे ठरते व सामान्यतः त्याच्या धनकोंना त्यास हात लावता येत नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. बापाचे कर्ज मुलाने स्वतःच्या कमाईतून फेडलेच पाहिजे, ही समजूत तर आता कायद्याने निराधार आहे: वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरती असते, आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू पुत्रावरचे पितृऋणाचे धार्मिक बंधनही नव्या कर्जांपुरते संपुष्टात आले आहे.

व्याजाविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण कोणते देणे आधी फेडावे याचा निर्णय भिडेवर न करता दरावर केला पाहिजे. एक लाख रुपये बारा टक्के सरळ दराने तीन वर्षांसाठी घेतले तर व्याज ३६,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ रुपये पडतो. परंतु मुद्दल दरमहा घटत असता व्याज मात्र सबंध लाखावर आकारले जात असल्यामुळे घटत्या शिलकीवर मोजलेला खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डावरील थकबाकीस दरमहा साडेतीन टक्के लागत असतील तर वर्षाला चक्रवाढीने ते ५१ टक्के होतात. अशा वेळी दहा टक्के दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडण्याची धडपड करून कार्डावरची बाकी तशीच ठेवणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. धंद्याचे आणि घराचे खाते निराळे असावे, घराला धंद्यातून दरमहा एक बेताची ठरीव रक्कम जावी, आणि तेजीच्या महिन्यांतील अधिक उत्पन्न मंदीच्या महिन्यांतील हप्त्यांसाठी बाजूला पडावे. आजारपण किंवा मृत्यू घरात आला तर हप्ता चुकण्यापूर्वी बँकेस लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. थकल्यानंतर मागणाऱ्याचे बोलणे ऐकून घेण्यास बँकेचा अधिकारी तितकासा मोकळा राहत नाही.

१८९८ च्या प्रारंभी, व्हिएन्ना येथे असता, शेवटच्या धनकोची पै न् पै चुकती झाल्याचे ट्वेनला रॉजर्सकडून कळले; जाहीर केलेल्या चार वर्षांची मुदत अडीच वर्षांतच पुरी झाली होती, आणि थोडी शिल्लकही उरली होती. त्यानंतर दोन महिने लोटतात न लोटतात तोच यान श्चेपानिक नावाच्या एका तरुण पोलिश संशोधकाच्या विणकामाच्या नक्षीयंत्राचे अमेरिकेतील हक्क मिळविण्याची खटपट त्याने सुरू केली, आणि पुढे प्लाझ्मॉन नावाच्या दुधाच्या भुकटीच्या व्यापारात हजारो डॉलर गमावलेही. स्वभाव बदलला नव्हता. व्यवस्था मात्र बदललेली होती, आणि तिने त्याला पुन्हा कर्जात जाऊ दिले नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये रॉजर्सच्या मध्यस्थीने हार्पर आणि ब्रदर्स या प्रकाशकांशी झालेल्या करारान्वये त्याच्या सर्व पुस्तकांचे प्रकाशन त्यांच्याकडे गेले, व त्याच्या मोबदल्यात पाच वर्षे दरसाल निदान पंचवीस हजार डॉलर देण्याची हमी त्यांनी लिहून दिली. चाळीस वर्षे अनिश्चित प्राप्तीवर जगलेल्या या लेखकास प्रथमच ठरलेले वार्षिक उत्पन्न मिळू लागले, आणि ज्या जुन्या पुस्तकांच्या बळावर ते मिळाले, त्यांचे हक्क १८९४ च्या त्या मंदीत लिलावात निघता निघता राहिले होते.